लायब्ररी कुठे ठेवू, मामा?

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी रात्री साडेदहाला इंदूरहून भाचीचा फोन आला. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि रात्री साडेदहाला येणारा तिचा फोन सहसा मामाच्या तब्येतीची चौकशी करायला नसतो. सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता. कॅमेऱ्यासमोरून जाणाऱ्या गाड्या मोजणारा प्रोग्रॅम. त्यासाठी तिनं ओपनसीव्ही ही लायब्ररी थेट सोर्स कोडवरून आपल्या लॅपटॉपवर बांधली होती. दोन तास पंखा घोंघावत होता म्हणे. लायब्ररी बांधून झाली, इन्स्टॉल झाली, तिचा प्रोग्रॅमही कंपाइल झाला. आणि चालवायला गेली तर पडद्यावर उत्तर आलं, की शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइलच नाही.

"फाइल आहे, मामा! माझ्या डोळ्यांसमोर आहे. आणि हा म्हणतो नाही. माझी मैत्रीण म्हणतेय, सगळ्या एसओ फाइली उचल आणि /यूएसआर/लिबमध्ये कॉपी कर, चालून जातं. तिनं तसंच केलंय. करू का?"

"हात लावू नकोस!" मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणालो. आई पुण्याला माझ्याकडे आलेली होती. ती आतून बाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं? कुठली लायब्ररी? पुस्तकं परत करायची राहिलीत का तिची?"

त्या रात्री भाचीला घाईघाईत जे सांगितलं, आणि घाईत जे सांगायचं राहिलं, ते दोन्ही इथे लिहितो आहे. आपल्या मंडळातली निम्मी मुलंमुली आता याच शाखेला आहेत, आणि हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. कॉलेजात हा विषय कुणी धड शिकवत नाही. मलाही शिकवला नव्हता. एक सांगून ठेवतो : फोल्डरांची आणि कमांडची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत नाही. फोटो उघडणं, फाइल दाबून लहान करणं, नेटवरचं बोलणं कुलूपबंद करणं, ही कामं आधीच कुणीतरी नीट करून ठेवलेली असतात. अशा तयार कामांचा गठ्ठा म्हणजे लायब्ररी. ती वापरायच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या समजायला मला आमच्या इंदूरच्या घरातलं पंचांग नेहमी उपयोगी पडतं. देवघराशेजारच्या खिळ्याला ते असायचं. एकादशी कधी, अमावास्या कधी लागते, हे आजी, आई, काकू, सगळ्या तिथेच जाऊन बघायच्या. आजोबांना मात्र उठून जायचा कंटाळा. वर्षाच्या सुरुवातीला ते आपल्याला लागतील तेवढ्या तिथी आपल्या डायरीत उतरवून घ्यायचे. मग पंचांग खिळ्यावर असो नाहीतर कुणी शेजारी नेलेलं असो, त्यांचं काही अडायचं नाही.

स्टॅटिक लायब्ररी म्हणजे आजोबांची डायरी. प्रोग्रॅम तयार होत असतानाच लिंकर नावाचं अवजार लायब्ररीतला लागेल तेवढा भाग उचलून प्रोग्रॅमच्या पोटात उतरवतं. त्यानंतर लायब्ररीची मूळ फाइल पुसून टाकली तरी प्रोग्रॅम चालतो. या फाइलींच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ए असतं. शेअर्ड लायब्ररी म्हणजे खिळ्यावरचं पंचांग. प्रोग्रॅममध्ये फक्त चिठ्ठी असते, की मला अमुक नावाची लायब्ररी लागेल. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ती शोधून आणतो. नावाच्या शेवटी लिनक्सवर एसओ, मॅकवर डायलिब.

मेमरी वाचते हा शेअर्डचा फायदा पुस्तकात असतो, पण माझ्या मते खरा फायदा दुरुस्तीचा आहे. झेडलिब नावाची फाइली दाबायची एक लायब्ररी आहे. झाँ-लू गेयी आणि मार्क ॲडलर या दोघांनी १९९५ मध्ये ती पहिल्यांदा दिली, आणि आज तुम्ही पीएनजी चित्र बघता तेव्हाही तीच किंवा तिचंच एखादं भावंडं काम करत असतं. २००२ च्या मार्चमध्ये तिच्यात सुरक्षेची एक चूक सापडली : एकदा मोकळी केलेली मेमरी दुसऱ्यांदा मोकळी केली जात होती. ज्या प्रोग्रॅमांनी खिळ्यावरची प्रत वापरली होती, त्यांच्यासाठी एक फाइल बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले की काम झालं. पण कित्येक प्रोग्रॅमांनी ती आपापल्या डायरीत उतरवून घेतली होती. ते प्रोग्रॅम कोणकोणते, हे आधी हुडकायचं आणि मग एकेक पुन्हा बांधायचा, असा तो उद्योग होता. या झेडलिबशी माझी जी गाठ पडली, ती पुढे येतेच.

आता भाचीची अडचण. लोडर सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही. तसं केलं तर प्रत्येक प्रोग्रॅम सुरू व्हायला मिनिटं लागतील, आणि भलत्याच फोल्डरात पडलेली भलतीच फाइल उचलली जाईल. तो ठरलेल्या जागीच बघतो. लिनक्सवर साधारण क्रम असा : कुणी एलडी_लायब्ररी_पाथ हे व्हेरिएबल भरून दिलं असेल तर आधी तिथे, मग प्रोग्रॅमच्या आतच रनपाथ म्हणून पत्ता कोरलेला असेल तर तिथे, मग एका तयार यादीत, आणि अखेरीस /लिब आणि /यूएसआर/लिबमध्ये. (जुन्या पद्धतीचा आरपाथ असेल तर तो सगळ्यांच्या आधी. तो आता सहसा दिसत नाही.) मधली ती तयार यादी महत्त्वाची. ती /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश या फाइलीत असते आणि एलडीकॉन्फिग ही कमांड चालवली की नव्यानं लिहिली जाते. आपोआप लिहिली जात नाही.

भाचीच्या उबुंटूवर ओपनसीव्ही गेली होती /यूएसआर/लोकल/लिबमध्ये, म्हणजे अगदी योग्य जागी. उबुंटूच्या यादीत या जागेचा समावेश मुळातच असतो. फक्त यादी जुनी होती, आणि लोडर यादी बघून सांगत होता की अशी फाइल नाही. नवं पंचांग खिळ्यावर होतं, पण घरात ते कुणाला सांगितलंच नव्हतं. मी तिला एक ओळ टाइप करायला लावली : सुडो एलडीकॉन्फिग. एन्टर. पुढच्या मिनिटाला तिचा प्रोग्रॅम गाड्या मोजायला लागला. फेडोरा किंवा त्या घराण्यातलं काही असतं तर एक पायरी वाढली असती, कारण तिथे /यूएसआर/लोकल/लिब यादीच्या जागांत सहसा नसते, /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी या फोल्डरात एक छोटी फाइल करून तिच्यात तो पत्ता लिहावा लागतो आणि मग एलडीकॉन्फिग. या एका फरकानं माझ्या ओळखीतल्या किती जणांच्या किती संध्याकाळी खाल्ल्या असतील, त्याचा हिशोब नाही.

"एवढंच?" ती म्हणाली. "मग मैत्रिणीचंही चाललंच की. तिनं तर एलडीकॉन्फिग ऐकलंही नसेल. तू ओरडलास कशाला?"

प्रश्न बरोबर होता. चालतं, म्हणूनच तर लोक तसं करतात.

या जागा इतक्या का आहेत, हे बघायला थोडं मागे जावं लागतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे पीडीपी-११ या मशीनवर युनिक्स घडवत होते. डिस्क अगदी लहान असायच्या. आज आपण फोनवर काढतो तो एक फोटोही एखाद्या डिस्कवर मावला नसता. मूळ सिस्टिम एका डिस्कवर, आणि माणसांची, म्हणजे यूझर्सची फोल्डरं दुसरीवर, म्हणून तिचं नाव यूएसआर. पुढे पहिली डिस्क भरली, तेव्हा सिस्टिमचे प्रोग्रॅम आणि लायब्ररी दुसऱ्या डिस्कवर सांडू लागल्या. अशा तऱ्हेनं /लिब आणि /यूएसआर/लिब अशी जोडी झाली. मशीन सुरू होताना लागणारं पहिल्या डिस्कवर, बाकीचं दुसरीवर. नंतर माणसांची फोल्डरं तिथून हलली, नाव मात्र राहिलं. घरात एखाद्या खोलीला अजूनही "म्हशीची खोली" म्हणतात आणि म्हैस पन्नास वर्षांपूर्वीच गेलेली असते, तसं. आता डिस्क अडचणीच्या उरल्या नाहीत, म्हणून २०१२ मध्ये फेडोरानं दोन्ही जागा एकत्र केल्या. आजच्या बहुतेक लिनक्सवर /लिब हा /यूएसआर/लिबकडे बोट दाखवणारा नुसता दुवा आहे.

१९९४ पासून लिनक्सवाल्यांनी या जागांचा एक लेखी करार करून ठेवला आहे. त्याला आता फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड म्हणतात, त्याची ३.० आवृत्ती २०१५ ची. त्यात पुष्कळ बारकावे आहेत. मला त्यातून एकच गोष्ट महत्त्वाची वाटते : प्रत्येक जागेला मालक आहे. /यूएसआर/लिबचा मालक सिस्टिमचा पॅकेज मॅनेजर. उबुंटूवर एपीटी आणि डीपीकेजी, फेडोरावर डीएनएफ आणि आरपीएम. तिथे काय आहे, कुठल्या आवृत्तीचं आहे, याची वही तो ठेवतो. /यूएसआर/लोकल ही त्या मशीनच्या व्यवस्थापकाची, म्हणजे आपल्या लॅपटॉपवर आपली. करारच सांगतो की सिस्टिम अद्ययावत होताना तिथल्या गोष्टींना धक्का लागता कामा नये. म्हणूनच सोर्सवरून काही बांधलं आणि कुठलाही पत्ता दिला नाही, की बहुतेक वेळा ते आपसूक /यूएसआर/लोकलमध्ये जातं. /ऑप्टच्या आत प्रत्येक बाहेरच्या प्रोग्रॅमचं आपलं स्वतंत्र बिऱ्हाड. आणि आपलं होम फोल्डर फक्त आपलं.

पॅकेज मॅनेजरच्या जागेत आपण गुपचूप फाइल टाकली तर त्याच्या वहीत नोंद होत नाही. पुढे कधीतरी अपडेट येतं आणि तो आपली फाइल न विचारता पुसतो, किंवा त्याची आणि आपली अशा दोन प्रती शेजारी शेजारी राहतात आणि लोडर कुठली उचलेल ते नशीब. चूक होते आज, आणि दिसते चार महिन्यांनी, तेव्हा आपण काय केलं होतं ते आठवतही नाही.

माझ्या बाबतीत चार महिनेही लागले नाहीत. २०१३ साल. बीई होऊन नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर रिपोर्ट काढणारा एक विकतचा प्रोग्रॅम बसवायचा होता. सर्व्हर त्यांच्या गावात, मी पुण्यात, मधे फक्त एसएसएच. सर्व्हरवर सेंटओएस ६, त्यात झेडलिब १.२.३, आणि त्या प्रोग्रॅमला हवी होती त्याहून नवी. माझ्या टेबलावरच्या मशीनवर उबुंटू १२.०४ होतं. मी तिथे झेडलिब १.२.८ बांधली, तयार फाइल सर्व्हरवर पाठवली, रूट म्हणून आत शिरून ती /लिब६४ मध्ये ठेवली आणि लिबझेड.एसओ.१ हा दुवा नव्या फाइलीकडे वळवला.

या दुव्याबद्दल दोन ओळी सांगायला हव्यात. शेअर्ड लायब्ररीला तीन नावं असतात. लिबझेड.एसओ.१.२.३ ही खरी फाइल. लिबझेड.एसओ.१ हा तिच्याकडे नेणारा दुवा. प्रोग्रॅमच्या चिठ्ठीत हेच नाव असतं, त्याला एसओनेम म्हणतात. त्यातला एकचा आकडा म्हणजे वचन आहे, की हा आकडा तोच आहे तोवर जुने प्रोग्रॅम मोडणार नाहीत. आणि तिसरं, आकडा नसलेलं नुसतं लिबझेड.एसओ, ते फक्त नवे प्रोग्रॅम बांधताना लागतं. म्हणून ते सहसा डेव्ह किंवा डेव्हल अशा शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. मी मधला दुवा बदलला. म्हणजे फक्त माझ्या रिपोर्टवाल्याची नाही, तर त्या मशीनवर झेडलिब वापरणाऱ्या प्रत्येकाची लायब्ररी बदलली.

रिपोर्टवाला प्रोग्रॅम चालवला. नवीच एरर : जीलिबसी २.१४ सापडत नाही. माझ्या नव्या मशीनवर बांधलेल्या फाइलीला नवी सी लायब्ररी हवी होती, आणि सर्व्हरवर होती २.१२. एरर बदलली म्हणजे प्रगती झाली, अशी माझी त्या वयात समजूत होती. पुढचं काम करायला मी दुसरी खिडकी उघडून सर्व्हरवर लॉगिन करायला गेलो. जोडणी लगेच तुटली. पुन्हा केलं. पुन्हा तुटली. मग लक्षात आलं. एसएसएचचा सर्व्हर स्वतः झेडलिब वापरतो. प्रत्येक नव्या लॉगिनला तो आपली नवी प्रत सुरू करतो, तिला लागणारी झेडलिब आता मोडकी होती, आणि ती जन्मतःच मरत होती. यम चालवून बघितलं, तेही पडलं. आरपीएमलाही झेडलिब लागते. दुकानाला आतून कुलूप लावून किल्ली बाहेर फेकावी, तसं करून बसलो होतो. आणि सकाळी नऊला त्या ग्राहकाकडे कामाला सुरुवात होणार होती.

रात्रीचे अकरा. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. पहिलं वाक्य एवढंच म्हणाले, "जी खिडकी उघडी आहे ती बंद करू नकोस. चहालाही उठू नकोस."

ती पहिली खिडकी जिवंत होती, कारण तिची झेडलिब आधीच मेमरीत येऊन बसली होती. इथे नशिबाचा भाग मोठा. मी नवी फाइल वेगळ्या नावानं ठेवली होती, म्हणून जुनी १.२.३ शेजारीच शाबूत होती. तिच्याच नावावर मी सीपी कमांडनं कॉपी केली असती, तर चालू प्रोग्रॅमांच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली असती. सीपी जुन्या फाइलीच्याच जागी नवा मजकूर ओतते, आणि चालू प्रोग्रॅम त्याच जागेवर वाचत असतात. म्हणून चालू मशीनवर लायब्ररी बदलताना इन्स्टॉल नावाची कमांड वापरतात, ती जुनी फाइल आधी बाजूला काढते आणि नवी वेगळी मांडते. हे मला त्या रात्रीनंतर कळलं.

एलएस चालत होतं, एलएन चालत होतं, त्यांना झेडलिब लागत नाही. एलएन वापरून दुवा परत १.२.३ कडे वळवला. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि सगळं नीटनेटकं असावं म्हणून, कुणी सांगितलेलं नसताना, एलडीकॉन्फिग चालवलं.

पुन्हा बंद.

एलडीकॉन्फिग नुसती यादी करत नाही. एकाच एसओनेमच्या दोन फाइली दिसल्या की त्यातली नवी आवृत्ती बघून दुवा तिच्याकडे वळवते. माझी १.२.८ अजून तिथेच पडलेली होती. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "आधी पाहुण्याला घराबाहेर काढ, मग हजेरी घे." ती फाइल /रूटमध्ये हलवली, एलडीकॉन्फिग पुन्हा चालवलं, दुवा आपोआप जुन्या जागी आला. एलडीकॉन्फिग या सगळ्या गोंधळात बिनतक्रार चालत होती, याचं कारण ती स्वतः स्टॅटिक आहे. लायब्ररींचं घर मोडलं तर ते लावणारा माणूस त्याच घराचा भाडेकरू असून कसं चालेल? जीलिबसीबरोबर एसएलएन नावाचं एक चिमुकलं अवजारही येतं, एलएनसारखंच पण स्टॅटिक. सी लायब्ररीचाच दुवा मोडला की एलएन, सीपी, एलएस सगळं एकदम गतप्राण होतं, तेव्हा तेच एक उरतं. तेव्हा आजोबांच्या डायरीला नावं ठेवायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी बसवून नीट करून दाखवलं. पहिलं, झेडलिब सेंटओएस ६ असलेल्या मशीनवरच बांधायची. दुसरं, ती फक्त रिपोर्टवाल्याला हवी आहे, तर त्याच्याच बिऱ्हाडात ठेवायची : /ऑप्टच्या आत त्याच्या फोल्डरातल्या लिबमध्ये. आणि त्या प्रोग्रॅमला सुरू करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्येच एलडी_लायब्ररी_पाथ भरायचा, म्हणजे तो त्याच्यापुरता राहतो. मी विचारलं होतं, मग /यूएसआर/लोकल/लिब का नको? ते म्हणाले, "ती यादीत घातलीस तर कॉन्फ फाइलीतल्या जागा मूळ /लिबच्या आधी बघितल्या जातात. म्हणजे एसएसएचसुद्धा तुझीच झेडलिब उचलेल. काल रात्रीचाच खेळ, फक्त पत्ता बदलून." सगळ्या मशीनला हवी असेल ती /यूएसआर/लोकलमध्ये, एकट्याला हवी असेल ती त्या एकट्याजवळ. तिथून पुढे मी जागा ठरवताना "कुठे चालेल" हे विचारायचं सोडलं आणि "कुणाकुणाला दिसेल" हे विचारायला लागलो.

एलडी_लायब्ररी_पाथबद्दल एक इशारा. ते लॉगिनच्या फाइलीत कायमचं भरून ठेवू नका. काही दिवसांनी तुम्ही विसरता आणि एखादा भलताच प्रोग्रॅम भलतीच लायब्ररी उचलायला लागतो. शिवाय त्यात दोन जागांमध्ये विसर्गचिन्ह असतं. शेवटी नुसतं विसर्गचिन्ह राहिलं तर लोडर त्याचा अर्थ "आत्ता मी ज्या फोल्डरात उभा आहे ते" असा घेतो. डाउनलोडच्या फोल्डरात उभं राहून प्रोग्रॅम चालवणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा. कायमचा पत्ता द्यायचाच असेल तर प्रोग्रॅम बांधतानाच रनपाथ कोरावा. त्यात डॉलर ओरिजिन लिहिलं तर अर्थ होतो "हा प्रोग्रॅम जिथे आहे तिथून मोजून", मग सगळं फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं तरी चालतं. कॉलेजच्या लॅबमध्ये रूटचा पासवर्ड नसतो, तिथे होम फोल्डरात लायब्ररी बांधून हाच मार्ग धरावा.

स्टॅटिक लायब्ररीच्या जागेचं प्रकरण त्या मानानं साधं आहे. त्या शेअर्डच्याच शेजारी, म्हणजे स्वतः बांधलेल्या असतील तर /यूएसआर/लोकल/लिबमध्ये ठेवायच्या, आणि हेडर फाइली /यूएसआर/लोकल/इन्क्लूडमध्ये. त्यांना एलडीकॉन्फिग लागत नाही, कारण लोडर त्यांच्याकडे बघतच नाही. त्या फक्त लिंकरला लागतात. एकाच नावाची एसओ आणि ए अशा दोन्ही फाइली समोर असल्या तर लिंकर मुकाट्यानं एसओ उचलतो, आपण स्टॅटिक असं स्पष्ट सांगितलं नाही तर. स्टॅटिक बांधलंय असं समजून फाइल दुसऱ्या मशीनवर नेणारे आणि तिथे फसणारे मी बघितलेत. नेण्यापूर्वी एलडीडी कमांडनं एकदा बघून घ्यावं, प्रोग्रॅमला कोण कोण लागतं ते ती ओळीनं सांगते आणि जे सापडत नाही त्याच्यापुढे तसं लिहिते. फक्त अनोळखी माणसाकडून आलेल्या प्रोग्रॅमवर एलडीडी चालवू नये. काही वेळा तो प्रोग्रॅम चालवलाच जाऊ शकतो.

मॅकवाल्यांसाठी : ॲपलनं २०१५ पासून /यूएसआरला कुलूपच घातलं आहे, फक्त /यूएसआर/लोकल मोकळी. होमब्रू इंटेलच्या मॅकवर तिथेच राहायचं, ॲपलच्या चिपवर ते /ऑप्ट/होमब्रूमध्ये असतं. जुन्या ब्लॉगवरचे पत्ते नव्या मॅकवर चालत नाहीत ते त्यामुळे.

सोमवारी भाचीचा प्रोजेक्ट झाला. मोटारसायकलीवर तिघं बसलेले असले की तिचा प्रोग्रॅम गोंधळतो, पण तो लायब्ररीचा दोष नाही. मंगळवारी पुन्हा फोन.

"मामा, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काल अपडेट केलं, आणि आता तिचा व्हिडिओ प्लेअर उघडत नाही. काहीतरी व्हर्जनचं म्हणतोय. तिनं कुठल्या फाइली टाकल्या होत्या तेही तिला आठवत नाहीये. आता?"

"तिला म्हणावं, काही पुसू नकोस अजून. /यूएसआर/लिबमध्ये आणि त्याच्या आतल्या एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू फोल्डरात तारखेनं क्रम लाव. तिनं कॉपी केली त्या दिवसाच्या फाइली वर येतील. मग एकेक नाव पूर्ण पत्त्यासकट डीपीकेजीला वजा मोठा एस लावून विचार. ज्या फाइलीचा मालक सापडेल ती सोड. उबुंटूमध्ये जागा एकत्र झाल्यामुळे काहींची नोंद नुसत्या /लिबनं असते, म्हणून नाही म्हणाला तर यूएसआर काढून पुन्हा विचार. दोन्ही वेळा नाही म्हणाला, तर ती तिची. एका वेगळ्या फोल्डरात हलव, पुसू नकोस. सगळ्या झाल्या की..."

"एलडीकॉन्फिग," ती म्हणाली.

"आधी पाहुणे बाहेर, मग हजेरी."

"काय?"

"काही नाही. किती फाइली आहेत?"

ती मोजत होती. त्रेपन्नपर्यंत आली तेव्हा आईनं मला जेवायला हाक मारली.